उत्तर कुणी द्यायचं?

येत्या सोमवारी शकूला घेऊन पुन्हा परळला जायचंय. शकू म्हणजे माझी धाकटी बहीण. नात्यातल्या मंडळींना ती ठाऊक आहेच, इतरांसाठी सांगतो. वय अडुसष्ट. फुफ्फुसाचा कॅन्सर, पसरलेला. तीन वर्षांवर काही महिने झाले, टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार चालू आहेत. मागच्या खेपेला स्कॅनमध्ये एक जुनी गाठ थोडी वाढलेली दिसली. "औषधाचा जोर ओसरतोय, पुढचं काय ते ठरवू या," असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे पुन्हा निवड आली. हे औषध की ते, एकटं की जोडीनं...

या निवडीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पण ते लिहायचं तर आधी बाळूबद्दल लिहावं लागतं, आणि तिथेच हात थांबत होता. आज लिहून टाकतो.

बाळू माझा धाकटा भाऊ. एस.टी.त ड्रायव्हर होता. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि त्याची बरीचशी नोकरी त्याच घाटात गेली. पोलादपूरहून महाबळेश्वर, महाबळेश्वरहून पोलादपूर. पावसाळ्यात या घाटात ढग रस्त्यावर उतरतात, तेव्हा पुढचं वळणसुद्धा दिसत नाही. अशा वेळी बाळू कानाने गाडी चालवतो, असं त्याचे कंडक्टर म्हणायचे. बिडी मात्र सुटली नाही. आणि दुसरं न सुटलेलं म्हणजे मृदंग. एकादशीच्या भजनात मृदंग त्याचाच. स्टिअरिंग धरून राठ झालेले हात, पण मृदंगावर पडले की लोण्यासारखे.

२००९ साली तो रिटायर होऊन दोनेक वर्षं झाली असतील. खोकल्यातून रक्त पडलं. महाड, मग मुंबई. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तपास झाला. फुफ्फुसात गाठ, यकृतातही गेलेली. ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. घरात बसून आम्ही मोठ्यांनी ठरवलं की बाळूला सांगायचं नाही. छातीत पाणी झालंय, त्याची सलाईनं आहेत, एवढंच सांगायचं. त्या काळी सगळे असंच करत. आजही करतात.

तर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. तरुण होते, पण समजावून सांगणारे होते. म्हणाले, "मास्तर, दोन जोड्या आहेत. दोन्हींत कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध समान. त्याच्या जोडीला एक तर पॅक्लिटॅक्सेल, नाहीतर जेमसिटाबिन. पॅक्लिटॅक्सेल घेतलं तर एकवीस दिवसांतून एकदाच यायचं. केस सगळे जातील आणि हातापायांची बोटं बधिर होऊ शकतात. जेमसिटाबिनमध्ये केस बहुतेक राहतात, बोटांचा प्रश्न येत नाही. पण एकवीस दिवसांत दोनदा यावं लागेल, पहिल्या दिवशी आणि आठव्या दिवशी. आणि रक्तातल्या प्लेटलेट जास्त उतरतात. आयुष्य किती वाढेल म्हणाल तर दोन्हींत सारखंच. ते काय काम करतात? त्यांना कुठलं चालेल?"

हा प्रश्न मला अजून शब्दन् शब्द आठवतो. 'त्यांना कुठलं चालेल?'

मी म्हणालो, "एकच फेरी बरी."

पोलादपूरपासून परळ-दादर म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटर, आणि तो मुंबई-गोवा रस्ता. माझे गुडघे. सोबतीला दुसरं कोणी मोकळं नाही. राहायची अडचण. ही सगळी कारणं खरी होती. पण नीट पाहिलं तर सगळी माझी होती! बाळू बाहेर बाकड्यावर बसला होता. दार उघडून विचारायला अर्धा मिनिट लागला नसता. पण त्याला विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. म्हणून मी त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकलं. मृदंगाचा उल्लेखही मी डॉक्टरांजवळ केला नाही. सुचलाच नाही.

पहिल्या दोन खेपांत खोकला कमी झाला, भूक लागायला लागली, वजन थोडं वाढलं. आम्ही खूश. तिसऱ्या खेपेनंतर त्याला सदऱ्याची बटणं लागेनात. खिशात हात घातला की नाणं रुपयाचं की दोनाचं ते कळेना. मग एकादशी आली. मंडळी जमली, त्याच्यापुढे मृदंग ठेवला. त्याने हात टाकला, दोन-तीनदा टाकला. बोल उमटला, पण तो बाळूचा नव्हता. शेजारच्या पोराकडे मृदंग सरकवून तो म्हणाला, "हात माझा वाटत नाही." आणि टाळ घेऊन बसला.

त्याच रात्री पडवीत त्याने मला सांगितलं, "दादा, मला ठाऊक आहे काय झालंय ते. आयुष्यभर पाट्या वाचत गाडी हाकली मी. तिथे कॅन्सरचा वॉर्ड लिहिलेलं मला वाचता येत नाही होय?" रागावला नव्हता. हसलाच थोडा. पण मी काय बोलणार? पुढल्या वर्षी तो गेला. बोटं शेवटपर्यंत पूर्ण सुधारली नाहीत.

असो.

मी स्वतःची समजूत घालायचो की दुसरी जोडी घेतली असती तरी बाळू जास्त जगला नसता. ही समजूत चुकीची नव्हती, हे मला फार उशिरा आकड्यांत कळलं. माझी नात बी.फार्म. झाली. शकूच्या आजारपणात तिने मला या विषयावरचे अभ्यास मराठीत समजावून सांगितले. मी बी.ए. मराठीचा माणूस, सगळं कळलं असा दावा नाही. पण चाळीस वर्षं निकालपत्रकं केली असल्यामुळे आकडे वाचता येतात.

२००२ साली अमेरिकेत एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. डॉ. जोन शिलर आणि त्यांचे सहकारी. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे १,२०७ रुग्ण, आणि चार जोड्या: सिस्प्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन-जेमसिटाबिन, सिस्प्लॅटिन-डोसेटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल. कोणाला कुठली द्यायची ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, म्हणजे डॉक्टरांचा कल आड येत नाही. निकाल काय? चारही सारख्या. साधारण पाचांतल्या एकाचीच गाठ बरीचशी आकसली. निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत गेले. एक वर्ष पार केलेले शंभरात तेहतीस, दोन वर्षं पार केलेले अकरा. कुठलीही जोडी दुसरीच्या पुढे गेली नाही. फरक होता तो त्रासाचा. कुठे मूत्रपिंडाला, कुठे रक्तपेशींना, कुठे बोटांना. त्यातली त्यात सोसायला बरी निघाली ती कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल.

हे वाचून पहिल्यांदा हायसं वाटलं. मग रात्री झोप लागेना. कारण लक्षात आलं की दोन्ही जोड्या आयुष्याच्या हिशेबात सारख्या होत्या, म्हणूनच तो प्रश्न बाळूचा होता! एखादं औषध दुप्पट चांगलं असतं तर डॉक्टरांनीच ठरवलं असतं आणि ते बरोबर झालं असतं. पण औषधं सारखी असतील तर ठरवायचं एवढंच उरतं की काय गमवायला माणूस तयार आहे. केस, बोटं, कान, की प्रवासाचे दिवस. हे दुसऱ्याला कसं ठाऊक असणार? सख्ख्या भावालाही नसतं.

तुलनेची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. २००८ साली आणखी एक अभ्यास आला, १,७२५ रुग्णांचा. सिस्प्लॅटिनच्या जोडीला एका गटात जेमसिटाबिन, दुसऱ्यात पेमेट्रेक्सेड नावाचं नवं औषध. एकूण निकाल पुन्हा बरोबरीत. मधला आकडा दोन्हींकडे १०.३ महिने. पण या वेळी त्यांनी गाठीच्या जातीप्रमाणे वेगवेगळं मांडून पाहिलं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये एक ग्रंथींच्या पेशींतून होणारा, त्याला अ‍ॅडिनोकार्सिनोमा म्हणतात. दुसरा श्वासनळ्यांच्या अस्तरातला, स्क्वेमस. तर अ‍ॅडिनोकार्सिनोमात पेमेट्रेक्सेडवाले १२.६ महिने आणि जेमसिटाबिनवाले १०.९. स्क्वेमसमध्ये नेमकं उलट! जेमसिटाबिन १०.८, पेमेट्रेक्सेड ९.४.

नातीला मी म्हटलं, हे तर आमच्या निकालपत्रकासारखं झालं. एका पोराला मराठीत ८० आणि गणितात ३०. दुसऱ्याला मराठीत ३० आणि गणितात ८०. दोघांची सरासरी ५५. शेवटचाच रकाना बघणारा साहेब म्हणणार, दोघं सारखी. वर्गात शिकवणाऱ्याला विचारा, सारखी आहेत का! औषधांतला फरक काही इतका मोठा नव्हता, पण जात तीच. सरासरी खोटी नसते, पण तिच्या पोटात काय दडलंय ते ती सांगत नाही.

आता शकूकडे येतो.

शकूने जन्मात विडी-तंबाखूला हात लावला नाही. चुलीचा धूर मात्र भरपूर. २०२१ च्या जुलैत आपल्याकडे काय झालं ते सांगायला नको. महाडात पूर, तळीयेवर दरड, आंबेनळीचा रस्ता जागोजाग तुटलेला. शकूच्या घराची मागची भिंत त्याच पावसात गेली. त्याच सुमारास तिचा खोकला सुरू झाला. कोरोनाचे दिवस, आधी तीच तपासणी. ती निगेटिव्ह. मग एका डॉक्टरांनी फोटो बघून टीबी म्हटलं आणि दोन-अडीच महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. नाव घेत नाही, घ्यायचंही नाही. आपल्या देशात टीबी इतका आहे की एक्स-रेत डाग दिसला की आधी तोच आठवतो. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि गोळ्यांनी फरक पडत नाही, तर पुढचा तपास लगेच करून घ्यावा, एवढं मात्र कळकळीने सांगतो.

२०२२ च्या सुरुवातीला टाटामध्ये सुई घालून तुकडा काढला. अ‍ॅडिनोकार्सिनोमा, दुसऱ्या फुफ्फुसात आणि मणक्यात गेलेला. बाळूच्या वेळी नव्हती ती एक तपासणी या वेळी झाली: ईजीएफआर. पेशीवर एक कळ असते, ती दाबली की पेशी वाढते. काहींच्या गाठीत ही कळ दाबलेली अवस्थेतच अडकून बसते. आपल्याकडे या जातीच्या गाठींत चारांतल्या साधारण एकात हे सापडतं, विडी-सिगरेट न ओढणाऱ्यांत जास्त. ती अडकलेली कळ सोडवणारी गोळी म्हणजे जेफिटिनिब. २००९ साली आशियातल्या रुग्णांवर जेफिटिनिब विरुद्ध कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल अशी तुलना झाली. ज्यांच्या गाठीत तो बदल होता त्यांचा आजार गोळीने जास्त काळ ताब्यात राहिला. ज्यांच्यात नव्हता त्यांचं गोळीवर नुकसानच झालं. म्हणजे कुठलं औषध चांगलं, हा प्रश्नच अर्धा. कुणाच्या गाठीला चांगलं, हा पुरा प्रश्न.

शकूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. डॉक्टर म्हणाले, दोन वाटा आहेत. नुसती गोळी, किंवा गोळी आणि सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन. आणि याचा पुरावा कुठून? अमेरिकेतून नाही, परळमधूनच. टाटाच्याच डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर ही तुलना केली होती. ती २०२० साली छापली गेली आणि जगभर वाचली गेली. नुसत्या गोळीवर आजार ताब्यात राहिला तो मधल्या आकड्याने ८ महिने, जोडीवर १६. पण गंभीर त्रास नुसत्या गोळीवर शंभरात २५ जणांना, जोडीवर ५१ जणांना. म्हणजे दुप्पट काळ आणि दुप्पट त्रास.

या वेळी डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "तिला सांगा, तिच्याशी बोला. मी फक्त फाईल धरलीय." शकूला आजाराचं नाव आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भाचा चिडला होता माझ्यावर. "मामा, तिला धक्का बसेल." बसला. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठून तिने स्वतःच चहा टाकला.

खरं सांगतो, माझ्या मनात उत्तर तयार होतं. नुसती गोळी. वय झालंय, दर तीन आठवड्यांना घाटाखालून मुंबई, सुया, उलट्या, कशाला? घरी बसून गोळी घेईल, निवांत राहील. तिच्या वतीने मला विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, आणि तिच्यावर माया करतोय असंही मला वाटलं असतं.

शकूने विचारलं, "त्रास म्हणजे काय काय?" डॉक्टरांनी सांगितलं. उलट्या, थकवा, तोंड येणं, रक्तपेशी उतरणं, ताप आला तर ताबडतोब भरती. "बोटं बधिर होतात का?" हे तिने विचारलं. बाळूचं तिच्याही लक्षात होतं तर! "या जोडीत तसं फारसं होत नाही," डॉक्टर म्हणाले. मग तिने विचारलं, "आणि जोडीनं घेतलं तर जास्त दिवस बरी राहीन?" "बहुतेकांच्या बाबतीत तसं दिसलंय. तुमचं नक्की सांगता येत नाही."

शकू म्हणाली, "मग जोडीनं द्या. घराची भिंत अजून अर्धी आहे. पोराच्या हातून ते काम रेटल्याशिवाय होत नाही. मला वास्तुशांत बघायचीय."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. भिंतीचं माझ्या डोक्यातही नव्हतं. म्हणजे दुसऱ्यांदाही मी चुकलोच असतो, फक्त या वेळी उलट्या बाजूने.

सोपं गेलं नाही. चार खेपा तिन्ही औषधं, पुढे गोळी आणि पेमेट्रेक्सेड. पेमेट्रेक्सेडबरोबर रोज फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि मधूनमधून बी-१२ चं इंजेक्शन घ्यावं लागतं, नाहीतर रक्तपेशी फार उतरतात. तरी एकदा पांढऱ्या पेशी उतरून ताप आला आणि सहा दिवस भरती झाली. जेफिटिनिबने तोंडावर पुटकुळ्या आल्या. "म्हातारपणी तारुण्यपीटिका," म्हणून स्वतःच हसायची. मुंबईत मुक्काम पडला की दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. तिथे रांगेत उभं राहिलं की आपलं दुःख आपल्या आकाराचं होतं.

भिंत झाली. २०२३ च्या वैशाखात वास्तुशांत झाली. शकूने पुरणाच्या पोळ्या लाटल्या नाहीत, पण पाटावर बसून सुनांना सूचना भरपूर केल्या.

सोळा महिने हा मधला आकडा. म्हणजे निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. शकू पलीकडच्यांत निघाली आणि बरीच पुढे गेली. तिच्यासारखं प्रत्येकाचं होईल असं मी म्हणणार नाही. बाळूसारखंही प्रत्येकाचं होत नाही.

आता सोमवार. रक्त तपासून टी७९०एम नावाचा नवा बदल आहे का ते बघायचं होतं, त्याचा निकाल मिळेल. असला तर ऑसिमर्टिनिब ही पुढची गोळी. २०२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं सीमाशुल्क माफ झालं, तरी आमच्यासारख्यांना ती महागच पडते. नसला तर पुन्हा जुनीच नावं येतील, डोसेटॅक्सेल, जेमसिटाबिन... पुन्हा केस, बोटं, फेऱ्या. नात सांगते की आता नव्या रुग्णांत सुरुवातीलाच ऑसिमर्टिनिब आणि केमो जोडीनं देऊन पाहिलंय. २०२३ साली छापून आलेल्या ५५७ रुग्णांच्या अभ्यासात आजार ताब्यात राहिला तो मधल्या आकड्याने २५.५ महिने, नुसत्या गोळीवर १६.७. म्हणजे परळला जी वाट दिसली तीच पुढे गेली. बाळूच्या वेळच्या आठ महिन्यांशी हे आकडे एका मापाने मोजता येत नाहीत, ते वेगळ्या गोष्टीचे आहेत. पण दिशा कळते.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा प्रसंग आला (येऊ नये), तर एवढं विचारा. गाठीची जात कुठली? जनुकांची तपासणी झाली का? दोन औषधांत फरक आयुष्याचा आहे की त्रासाचा? कुठला त्रास तात्पुरता आणि कुठला राहून जाणारा? फेऱ्या किती, खर्च किती, महात्मा फुले योजनेत काय बसतं? आणि हे सगळं विचारताना ज्याचा आजार आहे त्याला बाहेर बाकड्यावर बसवू नका.

काल शकूला विचारलं, "सोमवारचं काही ठरवलंयस का?"

म्हणाली, "आधी डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू दे. तू आताच घाई करू नकोस."

मी गप्प बसलो.

पहाटेच्या एस.टी.ने निघतोय. घरच्या मंडळींनी फोन मंगळवारनंतर करावा, आणि मला नाही, तिला करावा.